सुभेदारानं छत्री खाल्ली

विषय : कुत्र्यास कुत्र्याची छत्री चालते काय.

एवढं लिहून दिनकररावांचा टाक अडला. अर्ज करायचा कुणाला? संस्थानी दरबारचा पशुविभाग आठ वर्षांपूर्वी मध्यभारत राज्यात गेला. मध्यभारत येत्या एक तारखेला मध्यप्रदेशात चाललेलं. कचेरी भोपाळला, आणि कचेरीमागून दिनकररावही.

पायाशी सुभेदार, म्हणजे त्यांचा कुत्रा, मिशा चाटत बसलेला. बांधाबांधीसाठी पेटी ओढली, तर मागे ओलीला पांढऱ्या छत्र्या. एक त्यानं फस्त केली.

वेळ : सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे.
आकार : रुपयाएवढा. बुडाशी वाटीसारखा फुगवटा.
नमुना सोबत जोडला आहे.

"अहो, लिहिताय काय?" शालिनीताई दारात.

"अर्ज."

"पोटात विष गेलं असेल त्याच्या! भोपाळहून मंजुरी येईपर्यंत थांबणार आहे तो?"

"अगं, पण नावच कुत्र्याची छत्री. त्याला कशी बाधेल?"

"घोडेगाडी घोडा खातो का?"

शालिनीताईंनी सुभेदाराला उचललं, जयेंद्रगंजच्या नाक्यावर टांगा थांबवला. मागून दिनकरराव. एका हातात अर्ज, दुसऱ्यात टाक. दौत घरी.

सुभेदाराची जीभ बाहेर. दिनकररावांचीही.

बाड्याच्या चौकाजवळ जनावरांचे डॉक्टर दौलतसिंह. "कब खाया?"

"मगाशी," शालिनीताई म्हणाल्या.

"मगाशी म्हणजे किती वाजता? कशी दिसत होती?"

शालिनीताईंनी दिनकररावांकडे पाहिलं.

दिनकररावांनी अर्ज पुढे केला.

डॉक्टरांनी वाचला, घड्याळ पाहिलं. "पस्तीस मिनिटं. वाह, बाबूजी! अजून पोटातच असेल."

औषध पाजलं. सुभेदारानं छत्री परत केली. वर सकाळची पोळीही.

"खाण्यातली अळंबी, नुसती शिजवलेली, चालते," डॉक्टर म्हणाले. "आपोआप उगवलेली कधीच नाही. विषारी कोणती, ते नुसतं बघून मीही सांगत नाही. दोन दिवस नजर ठेवा, विष उशिराही चढतं."

पहिला दिवस : झोप, पाणी, झोप.

दुसरा दिवस : भात.

तिसरा दिवस : भोपाळच्या पेटीची सुतळी कुरतडली. दिनकररावांचे डोळे भरले. नवी सुतळी आणतो म्हणून ते बाहेर गेले.

परतले तेव्हा शालिनीताई अर्जाखाली लिहीत होत्या.

चालत नाही. फाईल बंद.

दिनकररावांनी चष्मा लावून वाचलं.

"अगं, तारीख राहिली!"