मंत्रीणबाईंनी सांगितलेला पगार

घरात तिला सगळे मंत्रीण म्हणत. शाळेत असताना पाणीपट्टी जास्त लावली म्हणून ती पालिकेच्या कारकुनाशी दारातच तावातावाने भांडली होती, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे तिने राज्यशास्त्र घेतलं, कर्ज काढून पदवी मिळवली आणि शेवटी ज्या कॉलेजात शिकली त्याच कॉलेजच्या प्रवेश विभागात चिकटली. पगार अठरा हजार. त्यातले अकरा पाच तारखेला बँक कापून घेई. उरलेल्या सातात अर्ध्या खोलीचं भाडं, डबा, बसचा पास आणि वीस तारखेनंतर मैत्रिणींना टाळत फिरणं.

प्रवेश सुरू होण्याआधी साहेब तिच्या हातात मागच्या तुकडीची यादी देत. चाळीस जणांना फोन लावायचा आणि पगार विचारायचा. ज्याला नोकरी नाही त्याच्यापुढे 'संपर्क झाला नाही' असं लिहायचं, मग तो फोनवर अर्धा तास रडगाणं का गात असेना. त्या वर्षी पगारवाले अकरा निघाले. दहा जण पंधरा-अठरात रखडत होते. अकरावा बापाच्या पेट्रोल पंपावर गल्ल्याशी बसून कागदोपत्री महिन्याला पावणेतीन लाख घेत होता. साहेबांनी या अकरांची सरासरी काढली आणि पत्रकात छापून टाकलं: राज्यशास्त्र, सरासरी पगार चाळीस हजार.

ते पत्रक घेऊन एक किल्लीवाला मुलीसह तिच्या टेबलाशी आला. बोटांच्या पेरांत पितळेचा कीस रुतलेला. मुलगी बारावीची, सारखी ओढणीच्या टोकाशी चाळा करणारी. त्याने खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागे पेन्सिलीने गणित मांडलेलं होतं.

"कर्ज सहा लाख. हप्ता दहा हजार धरलाय," तो म्हणाला. "पोरीचा खाण्याराहण्याचा खर्च बारा हजार. म्हणजे बावीसच्या खाली पगार असेल तर हे आपलं काम नाही. ती माझ्याकडे दुकानात बसेल."

"पत्रकात चाळीस दिलाय, काका."

"छापलेलं राहू द्या. तुम्ही काय शिकलात?"

"राज्यशास्त्रच. इथेच."

"मग तुम्हाला किती मिळतात तेवढं सांगा. माझा तुमच्यावर विश्वास बसेल."

साहेब जेवायला गेले होते. शेजारचं टेबल रिकामं होतं. खरं बोलली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण राज्यशास्त्राच्या साठ जागांपैकी जेमतेम वीस भरल्या होत्या, आणि तिची नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर चालायची.

"बत्तीस," मंत्रीण म्हणाली. "सुरुवातीला. पुढे वाढतात."

किल्लीवाल्याने पानावर बत्तीस लिहिलं, त्यातून बावीस वजा केले, आणि मुलीकडे पाहून हसला. कर्जाला तारण म्हणून त्याने बँकेला दुकानाचा गाळा लिहून दिला.

चार वर्षांनी ती मुलगी परत आली. पदवी पहिल्या वर्गात, वर्षभर नोकरीसाठी चपला झिजवलेल्या. साहेबांनी तिला आत बोलावलं, दहा मिनिटांनी मंत्रीणलाही.

"हिला आठवड्यात सगळं काम शिकवा," साहेब म्हणाले. "ही बारा हजारांत यायला तयार आहे. तुमचा कागद या महिन्यात संपतोय, तो आता वाढवायला नको."

"सर, माझे अजून तीन वर्षांचे हप्ते राहिलेत."

"हिचे सात वर्षांचे आहेत. गरज कुणाला जास्त आहे, तुम्हीच सांगा."

तिने शिकवलं. फोन कसा लावायचा, पालकांना आधी पाणी कसं द्यायचं, यादीत काय लिहायचं. मुलगी निमूटपणे वहीत टिपून घेई. शेवटच्या दिवशी तिने वही मिटली.

"तुम्हाला खरंच बत्तीस मिळत होते?"

"अठरा."

मुलगी म्हणाली, "बाबांना वाटतं मीच नालायक आहे. त्या बाईला मिळाले, तुला का मिळत नाहीत, हे वर्षभर ऐकतेय. आई तर हल्ली ताट वाढते आणि तोंड फिरवते."

एवढं बोलून ती वाजणारा फोन उचलायला वळली.

हे ऐकल्यापासून मंत्रीणला चैन पडेना. महिना-दीड महिन्याने शेवटी ती शोधत शोधत किल्लीवाल्याच्या गाळ्यावर गेली. त्याने तिला लगेच ओळखलं, स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"तुमचे उपकार आहेत, बाई. पोरीला तुमच्याच खुर्चीवर बसवलंत. फक्त एक करा, तिला जरा समजवा. घरी बारा हजार सांगते. वरचे वीस कुठे उडवते, देव जाणे. तिची आई म्हणते, कुणातरी पोराला देत असेल. काल मी हात उचलला तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा."

"काका, तिला बाराच मिळतात. मलाही कधी बत्तीस नव्हते. मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले."

किल्लीवाल्याचा चेहरा हळूहळू आक्रसला.

"तुमची जागा गेली, कळलं मला," तो म्हणाला. "वाईट वाटतं. पण म्हणून माझ्या पोरीच्या वतीने खोटं बोलायला येऊ नका. तिनेच पाठवलंय ना तुम्हाला?"

"नाही. मी शपथेवर सांगते."

"त्या दिवशीही माझ्या डोळ्यांत बघूनच सांगितलं होतंत."

त्याने चिमट्यात किल्ली धरली आणि कानशीने घासायला घेतली. मंत्रीण अजून काहीतरी सांगत होती, पण त्या करकर आवाजात तिचं तिलाही ऐकू येईना. थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं, आणि त्याला बसायला किल्लीवाल्याने स्टूल मागितलं.