घरी ठेवलेला कीबोर्ड

गोकुळदासांचा संशयी स्वभाव डिचोलीत कुणाला नवा नव्हता. पाववाल्या पोदेराने दिलेले उंडे ते हातावर तोलून बघत, आणि नारळ पाडायला कुणी माडावर चढला की मान दुखेपर्यंत खाली उभे राहून वर बघत. त्यांचा धंदा लग्नपत्रिका आणि जत्रेतल्या नाटकांची पत्रकं कॉम्प्युटरवर टाईप करून देण्याचा, आणि त्या धंद्याला हा स्वभाव मानवला होता. त्यांच्या हातून वेलांटी चुकत नसे. चुकायचं ते माणसं वाचताना.

चवथीच्या दिवसांत त्यांची एकुलती मुलगी सेजल म्हणाली, की कारापूरचा श्रीनाथ तिला पसंत आहे. श्रीनाथचं साखळीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गोकुळदास हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "बघूया," म्हणाले, आणि तेव्हापासून बघतच राहिले. आई वारल्यावर घरात ही दोघंच होती. बापाला दुखवून लग्न करायचं नाही, असं सेजलनं ठरवलं होतं, त्यामुळे सगळं त्या एका 'बघूया'वर अडलं होतं.

एक दिवस त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. गोकुळदासांनी तो मुद्दाम श्रीनाथकडेच नेला. कामही होईल आणि माणूसही पारखून होईल, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता. मदरबोर्ड जळला होता. बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं नवीन घालावं लागणार होतं. गोकुळदासांनी अटी घातल्या: डिस्क तीच राहिली पाहिजे, विंडोजही जुनीच राहिली पाहिजे, कारण पत्रिकांचे मराठी फॉन्ट त्या जुन्या विंडोजवरच चालत. डिस्क बदलली तर कळावी म्हणून त्यांनी तिच्यावर सेजलच्या नेलपॉलिशचा ठिपकाही लावून ठेवला होता. कीबोर्ड आणि माऊस त्यांनी दुकानात नेलेच नाहीत.

"चांगले कीबोर्ड थंय बदलतत," ते सेजलला म्हणाले. "माका म्हायत आसा."

शनिवारी ते स्वतः जाऊन सीपीयू घेऊन आले. दुकानात त्यांच्या डोळ्यांदेखत मशीन चालू झालं, श्रीनाथनं दुकानातल्या कीबोर्डवर त्यांचं नाव टाईप करून दाखवलं. ठिपकाही जागच्या जागी होता. गोकुळदास खुशीत घरी आले, आपला कीबोर्ड, आपला माऊस जोडला आणि बटण दाबलं.

कीबोर्डचे दिवे लागले. सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर बाणांची बटणंही चालली. मग विंडोज आली, पासवर्डची चौकट आली, आणि कीबोर्डचे दिवे विझले. माऊसचा तांबडा उजेडही गेला. पडद्यावरचा बाण मेल्यासारखा मधोमध पडून राहिला. त्यांनी वायरी काढून पुढे जोडल्या, मागे जोडल्या, शेजारच्या बाबलीच्या घरचा माऊस आणून लावला. तोही तिथेच मेला.

दुसरा एखादा म्हणाला असता, बिघाड आहे. गोकुळदास जनेल उघडून त्यापाशी कदेलावर बसले आणि विचार करू लागले. दुकानात चालतं, घरी चालत नाही. निळ्या पडद्यावर चालतं, माझ्या पासवर्डापाशी आलं की मरतं. यंत्राला एवढी अक्कल असते का? ही अक्कल माणसाची. आणि माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळून श्रीनाथ आला तेव्हा अंगणात तुळशीपुढे शेंडीचा नारळ ठेवलेला होता.

"ह्या काय काका?"

"राखणदाराचा नाव घेवन ह्या नारळार हात ठेव," गोकुळदास म्हणाले. "आणि सांग, मशीन मुद्दाम अडवलंस नाय म्हणान. माका तुजी गरज लागाची, मी तुज्या पाया पडाचा आणि लग्नाक हो म्हणाचा, म्हणान ह्या केलंस नाय."

श्रीनाथचा चेहरा उतरला. त्या वाडीत राखणदाराच्या, गाव राखणाऱ्या देवाच्या, नावानं शपथ घेणं, प्रमाण घालणं, म्हणजे चेष्टा नव्हे. खोटं प्रमाण घातलं तर ते सात पिढ्यांत फिटत नाही, असं मानणारी माणसं तिथं अजून आहेत, आणि खरं प्रमाण घालणाऱ्यावरही 'ह्याला घालावं लागलं' हा डाग राहतोच.

"आधी माका मशीन बघूक दिया," तो म्हणाला.

"आधी प्रमाण. कर नाय तेका डर कित्याची?"

सेजल दारात उभी होती. श्रीनाथनं तिच्याकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल, बापाला गप्प करील, अशी त्याची अपेक्षा होती, आणि खरं सांगायचं तर गोकुळदासांचीही होती. सेजल बोलली, पण हळू आवाजात.

"तूच म्हणालेलंस मगे, तुज्या बाबांक एकदा माजी गरज पडांदे, मगे बघ म्हणान."

"ती मस्करी होती सेजल."

तिनं नारळाकडे बघितलं.

"तुकाय तसाच वाटता?"

"घाल मरे एकदा," ती म्हणाली. "बाबांच्या मनातला जायत."

श्रीनाथनं चपला काढल्या. वाकून नारळावर हात ठेवला, राखणदाराचं नाव घेतलं, आणि सांगायचं ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग पाय धुऊन आत गेला.

त्यानं पासवर्डापर्यंत मशीन चालू करून बघितलं, वायर काढून पिन बघितली आणि कपाळावर हात मारला. गाडीच्या डिकीतून त्यानं एक जुना कीबोर्ड आणि एक सीडी आणली. त्या कीबोर्डची पिन गोल होती. ती मागच्या गोल भोकात बसवून त्यानं मशीन पुन्हा चालू केलं, आणि पासवर्डच्या चौकटीत गोकुळदासांना अक्षरं टाकता आली. सीडी घालून, माऊसशिवाय नुसत्या बटणांनी चाचपडत, त्यानं काहीतरी भरलं. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. गोकुळदासांचा स्वतःचा कीबोर्ड उजळला आणि उजळलेलाच राहिला.

"जुन्या विंडोजाक नव्या बोर्डाचे यूएसबी वळखूक येणत नाय," श्रीनाथ म्हणाला. "तेका ड्रायव्हर घालूक होयो. निळो पडदो विंडोजाच्या आदी येता, म्हणान थंय चलता. माज्या दुकानातले कीबोर्ड-माऊस गोल पिनचे, ते ड्रायव्हराबिगर चलतत. मी यूएसबी लावन बघलंय नाय, ती माजी चूक. पण तुमचो कीबोर्ड सीपीयूबरोबर इल्लो असतो, तर थंयच कळला असता."

गोकुळदास पडद्याकडे बघत राहिले. कीबोर्ड बदलतील म्हणून त्यांनी तो घरी ठेवला होता, आणि त्यातूनच हे सगळं रामायण घडलं होतं. त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता: माणूस खरा निघाला होता. त्यांनी श्रीनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

"फुडल्या आयतारी तुज्या मोठ्यांक घेवन ये. लग्नाचा ठरवया."

श्रीनाथनं गोल पिनच्या कीबोर्डची वायर गुंडाळली.

"तुमचो संशय माका म्हायत होतो काका. तेची तयारी करून इल्लंय," तो म्हणाला. "तिचो म्हायत नव्हतो."

तो चपला घालून गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला तरी सेजल हलली नाही. गोकुळदासांच्या डोक्यात सवयीनं एक विचार आलाच: याला दुसरी कुणी असेल, निमित्तच शोधत असेल. तो विचार त्यांनी तिथेच मोडून टाकला. स्वतःच्या मनाची त्यांना किळस आली.

"चूक माजी," ते म्हणाले. "कीबोर्ड मी दिलंय नाय."

"कीबोर्ड तुमी दिलास नाय," सेजल म्हणाली. "प्रमाण घालूक मी सांगितलंय."

तिनं स्कूटरची चावी घेतली. गोकुळदासांनी पुढे होऊन फाटक उघडलं. स्कूटर चालू करून ती क्षणभर थांबली.

"बाबा, तो माजा आयकात?"

गोकुळदास खोटं बोलले नाहीत.

"तेच्या जाग्यार मी असतंय, तर आयकलंय नसतंय," ते म्हणाले. "पण तो माज्यासारको नाय. जा तू."