गोदावरीबाईची पकड

आंधळगावात कुणाच्या पोराला दुखण्यावर डागायचं असलं की पाय धरायला गोदावरीबाईलाच बोलावणं यायचं. बाईची पकडच तशी. धानाच्या बांधीत रोवणी करत जन्म काढलेले हात ते. त्यांतून पोर सुटलं असं कधी झालं नाही. त्या दिवशी मात्र पोर घरचंच होतं, नात गुंजन.

धान चुरणं चालू होतं. खळ्यावरच्या गारठ्यात पोरीचे गुडघे सुजले आणि ती तणसीच्या पेंढ्यावर लोळू लागली. ‘आजी, हाडात कोनी ठोकून राहिलं वो,’ म्हणत होती. तिचा बाप विनोद, म्हणजे गोदावरीचा लेक, खळ्याच्या कडेच्या चुलीत सळई लाल करत बसला होता.

‘डागू नोका,’ त्याची बायको साधना म्हणाली. ‘दवाखान्यात सांगतलं ना, सिकलसेल हाय. मायबाप दोघायच्याबी रक्तात असलं तवाच लेकराले एवढं होते. तुमचीबी तपासनी करा लागते.’

विनोदनं तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती धानात तोंडावर पडली. ‘माह्या रक्तात खोट हाय म्हनतं? तुह्या माहेरची घान हाय हे.’ झिंज्या धरून त्यानं तिला उचललं आणि पुन्हा आपटलं. ओठ फाटला, धानावर रक्त सांडलं. तरी ती सरपटत गेली नि पोरीवर आडवी झाली. विनोदनं पाठीत लाथा घातल्या, पण बाई काही हलली नाही.

‘आई, पाय धर पोरीचे.’

गोदावरीनं धरले, नि बोटं गुडघ्यावर थबकली. ही सूज तिनं आधी धरली होती. तिचा थोरला, परसराम. तोही थंडी पडली की ‘हाडात ठोकून राहिलं’ म्हणून रडायचा. वाताचं पोरगं म्हणायचे सगळे. पाठीवर जागा उरली नाही इतका डागला त्याला, आणि एका हिवाळ्यात तो गेलाच. तेव्हा साधना जन्मलीसुद्धा नव्हती.

गोदावरीला आपल्याच हातांची शिसारी आली. ती उठली आणि लेकाच्या हातातली सळई हिसकावली. तो झोंबला, तशी तिनं ती त्याच्याच दंडावर टेकवली. कातडं चर्र झालं. विनोद बोंबलत खाली बसला.

‘दुखते ना? तुह्या भावाले असेच डाग देल्ले, मीच पाय धरून. परसराम काय साधनाच्या माहेरून आला होता? तुह्या बापाच्या अन् माह्या रक्तातून गेलं त्याले. तुलेबी गेलं असन.’

‘मले तं काई होत नाई, आई.’

‘साधनालेबी होत नाई. मलेबी होत नाई. दोन्हीकडून आलं तं लेकरू मरते. आता सुनेले हात लाव, दुसरा दंड हायच तुहा.’

भंडाऱ्याच्या दवाखान्यात गुंजनला सलाईन लागली. साधनाच्या ओठाला टाके पडले. नर्स सुई घेऊन आली, तसा विनोदनं हात मागं घेतला. ‘माहं उद्या पाहू,’ म्हणाला.

गोदावरीबाईनं त्याचं मनगट धरलं. तो ओढत राहिला, हात काही सुटला नाही.

‘घ्या बाई याचं रक्त,’ ती म्हणाली. ‘मंग माहंबी घ्या.’