मालुबाईच्या शेतात अडकलेली पाठ

भर सकाळी, सगळ्या बायकांच्या देखत, जयाबाई मालुबाईच्या शेतात वाकली ती वाकलीच. कंबर हलेना, कूस वळेना, सरळ होणं तर लांबच. हातात भाताच्या तरव्याची, म्हणजे कोवळ्या रोपांची, मूठ, पाय पोटरीपर्यंत चिखलात, आणि पाठीवरचं यंत्र लाकडासारखं कडक होऊन बसलेलं.

"दिपे, हे काय झालं गं?" ती चिखलाकडं बघतच ओरडली. दुसरीकडं बघायची सोयच नव्हती.

बांधावर उभ्या असलेल्या तिच्या लेकीच्या, दिपालीच्या, तोंडचं पाणी पळालं. यंत्र तिनंच बनवलं होतं. कागदावर ते बेळगावच्या कंपनीचं, पण डोकं सगळं तिचं. कंपनीच्या मालकानं, विक्रम सरांनी, हपीसाच्या भिंतीवर भविष्याची चित्रं लावली होती: मंगळावर नांगरणारी माणसं, पोलादी पायांचे सैनिक, चंद्रावर दगड उचलणारे मजूर. "उद्याचा माणूस अंगावर दुसरा सांगाडा घालून फिरणार," असं ते येईल त्याला ऐकवायचे. दिपाली म्हणाली होती, उद्याचं राहू द्या सर, माझ्या आईला आज एक पाठ धड नाही. मग दोन वर्षं खपून तिनं हे जाकीट विणलं. त्यातले धागे विजेवर स्नायूंसारखे आवळायचे आणि वाकणाऱ्या माणसाचा भार स्वतःवर घ्यायचे. गावच्या बायकांनी त्याला पाठराखीण म्हणायला सुरुवातही केली होती.

खानापूरकडच्या या गावात रोप लावण पैऱ्यावर चालते. आज सगळ्या मालुबाईच्या शेतात, उद्या मंगलच्या, परवा जयाबाईच्या. इथं मजुरी कुणी मागत नाही, पण जिनं पैरा फेडला नाही तिच्या शेतात कुणी पाऊल टाकत नाही. गेल्या साली जयाबाई पाठीचं सांगून घरी बसली. बायकांनी तोंडं वाकडी करत का होईना, तिचं शेत लावून दिलं. यंदा मात्र फेडणं भाग होतं, नाहीतर तिचा तरवा वाफ्यातच पिवळा पडला असता. पाठराखीण तिला पुन्हा चिखलात उभी करणार होती.

दिपालीच्या फोनवर अक्षरं उमटली: 'नोंदणीबाहेरची जागा. यंत्र आहे तसं कुलूपबंद.' तिनं तडक मालकाला फोन लावला.

"सर, आई अडकलीय! हे कुलूप कुणी घातलं?"

"अरे वा, म्हणजे लागलं कुलूप!" विक्रम सरांना चक्क आनंद झाला. "कालच टाकलं मी. एका शेताला एक यंत्र, वर्षाचं भाडं वेगळं. नाहीतर एकजण घेणार आणि अख्खा गाव वापरणार. सर्व्हे नंबर तूच दिलास ना?"

दिला होता. मेली अक्कल कुठं चरायला गेली होती! यंत्र कुठं वापरणार असं सरांनी विचारलं, आणि पैऱ्याच्या गावात वाढलेल्या पोरीनं खुशाल आपल्या शेताचा नंबर सांगितला. जशी काय आई जन्मभर स्वतःच्याच शेतात वाकत आली होती! दिपालीला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

"आधी सोडवा तिला. कळ येतेय."

"सोडवतो गं. जागा बदलायला मंजुरी लागते, थोडा वेळ जाईल. तोवर तिला तुमच्या शेतात चालवत न्या ना, आपोआप सुटेल."

दिपालीच्या डोक्यात तिडीक गेली. "वाकलेल्या बाईला गुरासारखं हाकत नेऊ? तुमच्या आईला नेलं असतं का हो असं?"

"भाषा सांभाळ, दिपाली."

"भाषा गेली खड्ड्यात!"

फोन बांधावर टाकून तिनं तिथंच पडलेला मंगलचा विळा उचलला आणि ती चिखलात उतरली. विळा बघून जयाबाई घाबरली.

"कापू नको! तुला माझी आण हाय! उद्या मंगलचा पैरा हाय, हे न्हाय तर मी कशी जाऊ? थांब, सुटंल."

"तोवर अशीच वाकून राहणार?"

"राहीन की. आजवर दुसरं काय केलंय?"

मग मात्र दिपालीनं मागंपुढं बघितलं नाही. आधी पट्टे तोडले, मग एकेक करून विणलेले धागे. तसं दुसरं यंत्र जगात नव्हतं. बांधावरून फोन ओरडत होता, "कसला आवाज? काय करतेयस?" शेवटचा धागा तुटला तशी जयाबाई खाली कोसळली. मालुबाईनं तिला धरून बांधावर बसवलं.

"झालं," जयाबाई रडायला लागली. "आता माझ्या शेतात कोण येनार?"

दिपालीनं चिखलाच्या हातानंच फोन उचलला. "सर, यंत्र कापलं. कामावरून काढायचं तर काढा. मी दुसरं करीन, आणि त्याला कुलूप नसेल."

"डिझाइन कंपनीचं आहे, लक्षात ठेव!"

"डिझाइन ठेवा तुमच्यापाशी. पाठ माझ्या आईची हाय!"

तिनं फोन बंद केला. आईच्या हातून पडलेली तरव्याची मूठ उचलली, सलवार खोचली आणि वाकली. शिकणाऱ्या पोरीला जयाबाईनं कधी चिखलात उतरू दिलं नव्हतं.

"अगं ए इंजिनेर बाई," मालुबाई म्हणाली, "रोप उभं लावत्यात, निजवत न्हाईत!"

बायका हसल्या. दिपाली हसली नाही. रागारागानं तिनं आईची लावणीची पात धरली आणि सोडलीच नाही.

दुपारी भाकरीला सगळ्या उठल्या, पण दिपालीला उठता येईना. दोन वर्षं तिनं आईच्या पाठीची मापं घेतली होती, अंगाला वायरी लावून पडद्यावरच्या रेघा बघितल्या होत्या. ही कळ त्यात कुठंच दिसली नव्हती.

"बस झालं गं माझे बाई, ये वर," जयाबाई बांधावरून म्हणाली.

दिपालीनं गुडघ्यावर हात टेकले, दात आवळले आणि मान तेवढी वळवली.

"मंगलकाकू, उद्या किती वाजता यायचं?"