अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा झेंडा

शिलेदार स्पोर्टिंग क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला, आणि ज्या माणसामुळे घसरला त्याचा सत्कार करायचं क्लबने एकमताने ठरवलं. हे असं आमच्या बडोद्यातच होऊ जाणे.

तो माणूस म्हणजे जनार्दनकाका. रेल्वेतून निवृत्त, वय बासष्ट, आणि अकरा वर्षं क्लबचे लाइन्समन. दुसऱ्या डिव्हिजनच्या सामन्याला लीगकडून पंच एकच येतो. कडेच्या रेषेवर दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. त्यातही जुन्या मंडळींनी एक रीत घालून ठेवली आहे. आपला संघ ज्या गोलवर चाल करतो, त्या अर्ध्यात आपलाच लाइन्समन उभा राहणार. म्हणजे पास सुटण्याआधीच आपला खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या पुढे घुसला, तर ऑफसाइडचा झेंडा आपणच आपल्या माणसावर वर करायचा. लबाडीची पूर्ण सोय, आणि म्हणूनच ती कुणी करायची नाही. काकांनी अकरा वर्षांत केली नव्हती.

या सीझनला मयंक आला. फतेगंजचा, बावीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. त्याला नऊ नंबरची जर्सी मिळाली. ती आधी सोळा वर्षं हेरंबच्या अंगावर होती, आणि हेरंब हा काकांचा एकुलता एक मुलगा. आता चौतिसाव्या वर्षी तो बाकावर बसायचा, आणि घरी त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. तक्रार करायला तोंडही नव्हतं, कारण क्लबचे सतरातले अकरा गोल मयंकने केले होते. बाकीचा संघ यथातथाच.

मयंकची एक सवय होती. गोल झाला की आधी रेषेकडे बघायचा. काकांचा झेंडा खाली दिसला की मगच हात वर करून धावत सुटायचा. काकांना ती नजर फार आवडायची. सबंध मैदान ओरडत असताना हा एकटा आपल्याला विचारतो, याचं त्यांना मनातून कौतुक होतं.

शेवटचा सामना शेजारच्या पादरा गावाच्या संघाशी होता. जिंकलो तर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकणार, बरोबरी झाली तरी खाली जाणार. पंच्याऐंशी मिनिटं झाली आणि एक-एक. तेवढ्यात बाकावरचा हेरंब उठला आणि जागच्या जागी पाय मोकळे करू लागला. त्याला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. पाणी प्यायला आलेला मयंक हसत म्हणाला, "हेरंबभाई, तमे बेसो ने शांतिथी. दोडवानुं काम अमारुं!" पळायचं काम आमचं, तुम्ही बसा, यावर सगळे हसले. हेरंबही हसला आणि खाली बसला.

मुलाचं ते हसणं काकांना सहन झालं नाही. कानशिलं तापली.

तीन मिनिटांनी मधल्या फळीतून लांब पास सुटला आणि मयंक निघाला. काकांना लख्ख दिसलं. पास सुटला तेव्हा तो बचावपटूच्या हातभर मागे होता. हे दिसलं, आणि तरी काकांचा झेंडा वर गेला. हात आपोआप गेला, असं त्यांनी पुढे स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं. ते खोटं होतं. हात त्यांनीच वर केला होता.

चेंडू जाळीत होता. मयंकने रेषेकडे बघितलं, झेंडा बघितला, आणि हुज्जत न घालता मान खाली घातली.

सामना बरोबरीत संपल्यावर पादऱ्याचा कप्तान काकांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, दीवो लईने शोधवा जाव तोय आवा माणस ना मळे." क्लबचे अध्यक्ष उदयसिंहराव छाती फुगवून म्हणाले, "खाली गेलो तर गेलो. शिलेदारांचा माणूस पक्षपात करत नाही!" आणि चिडलेल्या पोरांना मयंकने गप्प केलं. "काका चुकत नाहीत यार. मीच घाईत सुटलो."

रात्री घरी बायकोने, नलिनीबाईंनी, वाढलेलं ताट काकांनी तसंच सरकवलं.

"क्लब खाली गेला म्हणून एवढं?" बाईंनी विचारलं.

"ॲसिडिटी झालीय," काका म्हणाले.

खरी शिक्षा पुढेच होती. अमदावादचा एक मोठा क्लब रविवारी ट्रायल घ्यायला येणार होता, आणि मयंक रोज सकाळी सराव करत होता. काका बघायला गेले. पोरगा पास सुटल्यावर क्षणभर थांबत होता. मग धावत होता. तोवर चेंडू गेलेला.

"हे काय चालवलंयस?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच दाखवलंत ना काका, मी लवकर निघतो म्हणून. सुधारतोय." तो निर्मळ हसला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी संध्याकाळी घडियाळी पोळ या गल्लीतल्या हॉलमध्ये सत्कार झाला. आता सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, असं काका घोकून गेले होते. शाल पडली, नारळ हातात आला. समोर पहिल्या रांगेत हेरंब होता, आणि बापाच्या अभिमानाने त्याचे डोळे भरले होते. काका कसेबसे म्हणाले, "मी काही चांगलं केलेलं नाही." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या वाढल्या, आणि सगळ्यात जोरात वाजवणारा मयंक होता. काका शाल सावरत खाली बसले. भित्रा माणूस, दुसरं काय म्हणणार?

रविवारी ट्रायलच्या पहिल्या अर्ध्यात मयंक तीनदा उशिरा निघाला. अमदावादच्या कोचने वही मिटून मोबाइल काढला. मध्यंतराला काका मयंकजवळ गेले.

"मयंक, त्या दिवशी तू ऑफसाइड नव्हतास. हातभर मागे होतास. मला दिसलं होतं."

मयंकला आधी कळेचना. "मग झेंडा?"

"मुद्दाम केला. तू हेरंबला बसा म्हणालास, सगळे हसले. त्याचा राग."

मयंक आठवत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी असं बोललो होतो?"

त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

काकांना वाटलं, याने आता शिव्या द्याव्यात, हात उगारावा. त्याने हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली आणि मैदानात गेला.

दुसऱ्या अर्ध्यात दहाव्या मिनिटाला पास सुटला. मयंक त्याच क्षणी निघाला, पूर्वी निघायचा तसा, आणि बचावपटू वळेपर्यंत चेंडू जाळीत होता. कोच वही शोधू लागला. काका कडेच्या रेषेपाशी दोन्ही हात खाली ठेवून उभे होते.

मयंकने हात वर केले आणि धावत सुटला. रेषेकडे त्याने बघितलं नाही.