राखेने घासलेला कणा

"अहो, चरबी असली तर असू द्या. आधी गाडी जुंपा."

हे मी तिसऱ्यांदा सांगत होते. आत सुमती, माझी थोरली लेक, खांबाला धरून कण्हत होती. आठवाच महिना, आणि पहाटेपासून कळा. उजाडताना सुईणीने पोटाला हात लावला आणि मान हलवली. "मूल आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही. ठाण्याला इस्पितळात न्या." कासारवडवलीहून ठाणं बैलगाडीने अडीच तासांवर, आणि गाडी हाकणारा गणू नेमका मेव्हण्याच्या हळदीला गेलेला. राणीच्या ज्युबिलीचं साल होतं ते.

आमचे हे शाळेत मास्तर. माणूस वाईट नव्हता, पण अंगात शहाणपण फार. लांब जायचं तर आधी चाकांचं वंगण बघावं, असं गणू एकदा बोलला होता. तेवढंच यांनी नेमकं लक्षात ठेवलं. गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असे. यांनी तो उघडून हुंगला आणि तसाच उकिरड्यावर भिरकावला.

"चरबी आहे यात. गणू इतकी वर्षं बोलला नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"माझी मुलगी बाळंतपणाला निघालीय. चरबीच्या गाडीत नाही बसवणार मी तिला."

जन्मात चाकाला हात न लावलेला माणूस. यांनी गाडीला ओंडक्याचा टेकू दिला, मी खांदा लावला. खीळ उपसून चाक ओढलं, ते अंगावर येता येता राहिलं. ज्यावर चाक फिरतं तो लोखंडी कणा जुन्या वंगणाने चांगला माखलेला होता. चाक तसंच परत चढवलं असतं तरी गाडी ठाण्याला जाऊन आली असती. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

"चिंच आण," हे म्हणाले. "आणि चुलीतली राख."

देवाची तांब्याची भांडी घासावीत तसा यांनी कणा घासला. चाकाच्या भोकातही राख कोंबून चिंधी फिरवली. मग दुसरं चाक. शेवटी समईच्या तेलाची अख्खी बुधली दोन्हीकडे ओतली. कणा लखलखत होता आणि यांच्या तोंडावर समाधान होतं. खरं सांगते, त्या घडीला मला यांचा इतका राग आला की तोंड उघडायचीही भीती वाटली. तासभर गेला होता.

घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. बैलांना वाट माहीत होती म्हणून बरं, हाकणाऱ्याचा आनंदच होता. सुमतीचं डोकं माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची. मानपाडा मागे पडलं आणि उजवं चाक कुरकुरू लागलं. पुढे पुढे ते असं किंचाळायला लागलं की बैल बिचकले. सुमती मात्र आता गप्प झाली होती, माझं मनगटही आवळत नव्हती.

बाळकुमजवळ चाकातून धूर निघाला. गाडी फरफटली आणि थांबली. हे तांब्या घेऊन डबक्याकडे धावले.

"दादा, पानी नका वतू. लोखंड तापलाय, लाकूर तडकंल."

मागून मिठाची गाडी आली होती. हाकणारी बाई होती, पन्नाशीची, पायांना मिठागराचा चिखल. हौसाबाई तिचं नाव, ते मागाहून कळलं. तिने उतरून चाक सोडवलं, कण्यावरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं.

"कन्याला राख कोनी फासली? वालूसारकी घासते ती."

मी तोंड उघडणार इतक्यात हे म्हणाले, "मी. चरबी काढायला."

हौसाबाईने आधी सुमतीकडे पाहिलं, मग यांच्याकडे. मी तिच्या जागी असते तर चार शब्द सुनावले असते. ती आपल्या गाडीखालचा नळा सोडून घेऊन आली.

"माझेकरं वंगान हाय. चरबीचाच हाय, आदीच सांगते. लावू कं?"

"तुम्ही नका लावू. राख मी घातली, मीच काढतो."

यांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि कणा पुसायला घेतला. बोटं भाजत होती. भोकातली राख खरवडताना नखं तुटली. मग यांनी नळ्यात हात घातला आणि मूठ मूठ वंगण काढून कणा लिंपला. हौसाबाई "अजून, अजून" म्हणत राहिली आणि हे शाळेतल्या पोरासारखे निमूट भरत राहिले. दुसरं चाकही तसंच काढावं लागलं. मी सुमतीला हाका मारत होते. ती डोळे उघडायची आणि मिटायची.

इस्पितळात पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं. सुमती वाचली. मुलगा होता, तो पोटातच गेला होता. कधी गेला, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. यांनीही विचारलं नाही. आम्हा दोघांना सकाळपासूनची घडी न् घडी पाठ होती.

हे बाहेर ओट्यावर बसून होते. आया पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं घेऊन आली. इतकं लहान मूल पुरायचं असतं, आणि ते घरच्या पुरुषानेच न्यायचं. हे उठले. हात कोपरापर्यंत काळे, तुपकट.

"बाबा, तिकडे पाणी आहे," आया म्हणाली. "हात धुऊन या, मी थांबते."

पूजेआधी तीन तीन वेळा हात धुणारा माणूस. मला वाटलं, आता जातील. यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"नको," हे म्हणाले. "द्या इकडे."

फडक्यावर दहाही बोटं उमटली. यांनी एका बोटाने कापड बाजूला सारलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"सुमतीवर गेलाय," मला म्हणाले, आणि पायऱ्या उतरून उन्हात चालू लागले.