कायतानच्या खुर्चीत मेस्त

ग्लेननं आपल्या सॉफ्टवेअरचं नाव ‘मेस्त’ ठेवलंय हे कळलं, तेव्हाच केरोबिनाचं डोकं फिरलं. अजून लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता. मेस्त म्हणजे चर्चच्या शाळेत पोरांना सोलफा, म्हणजे दो-रे-मी-फा-सोलची सरगम, शिकवणारा, सूर चुकला की व्हायोलिनच्या गजानं बोटांवर फटका देणारा माणूस. तिचा बाप मेस्त होता. राय गावात त्याला नावानं कोणी ओळखत नसे, आणि तो जाऊन जमाना झाला तरी त्याच्या थडग्यापाशी म्हातारे बँडवाले आजही टोपी काढतात. आणि हा बंगळुरूहून आलेला, दाढी कोरलेला शहाणा विचारत होता, “आंटी, नाव मस्त आहे ना?”

“आंटी म्हणू नकोस,” केरोबिना म्हणाली. “आणि नाव बदल.”

दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. ग्लेन हा आलेशच्या बहिणीचा मुलगा, आणि आलेश म्हणजे तियात्रांच्या, गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकांच्या, कंपनीचा सर्वेसर्वा. लिहिणारा तो, बसवणारा तो, पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटोही त्याचाच. पण बँडमास्तर केरोबिना होती. मधे कीबोर्डवर ती, डाव्या हाताला बास आणि ड्रम, उजव्या हाताला कायतानचा ट्रम्पेट. ही मांडणी इतकी जुनी होती, की कायतान तालमीला आला नाही तर तिला उजव्या कानानं कमी ऐकू येतंय असं वाटायचं.

घोडं अडलं होतं ते याच कायतानच्या दातांपाशी. समोरचे दात काढून तिथे कवळी बसली, आणि तेव्हापासून ट्रम्पेटचा वरचा सोल फुटायला लागला. ट्रम्पेट वाजतो ओठांनी, पण ओठांना मागून आधार दातांचा. कायतान हे कबूल करेल तर शपथ. मिशा काळ्याकुळकुळीत रंगवून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, आणि सूर फुटला की ट्रम्पेटकडे असं बघायचा की गुन्हा त्याचाच. हवा दमट आहे. आत तेल नाही. समोर कोणीतरी सुका बांगडा खाऊन बसलंय, वासानं श्वास तुटतो.

सूर जरा खाली घेऊ, असं केरोबिनानं सुचवून पाहिलं होतं. पण शेवटचं कांतार, म्हणजे गाणं, आलेशच्या बायकोचं, उंबेलिनाचं. “खालच्या सुरात गायला मी काय बाप्या आहे?” म्हणून ती जी घरात गेली, ती आलेशनं हातापाया पडून बाहेर काढली.

“ईस्टरच्या रविवारी मडगावात पहिला प्रयोग,” आलेश म्हणाला. “ट्रम्पेट फुटला तर लोक वर्षभर तेच चघळतील. ग्लेनची ती ट्रम्पेट वाजवणारी वस्तू ऐकून बघ. आपल्या संगीताला शोभते की नाही, ते तूच सांग. नाही म्हणालीस तर नाही. मी एक शब्द बोलणार नाही.”

मोठा उदार! सुरी तिच्या हातात देऊन आपण हात झटकून मोकळा. हो म्हटलं तर कायतान घरी बसणार. नाही म्हटलं तर भरल्या थिएटरात फुटका सोल, आणि त्यालाही जबाबदार तीच.

तिनं मेस्तची परीक्षा घेतली ती त्याला नापास करायच्या इराद्यानंच. चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले. ग्लेननं मायक्रोफोन लावला आणि सांगितलं, की हे नुसतं आवाज काढणारं वाद्य नाही, हे ऐकतं, गाणाऱ्याच्या मागून जातं. अजून कच्चं आहे, प्रयोगच चाललेत, पण शिकतं भराभर. केरोबिनानं लिबर्टाला गायला उभं केलं. लिबर्टा कंपनीतली सगळ्यात नवी गायिका, आवाज मधासारखा, स्वभाव भित्रा. तिच्या कडव्यामागून लॅपटॉपमधून ट्रम्पेट आला. स्वच्छ, भरीव, वरच्या सोलवर हसत जाऊन बसणारा.

केरोबिनानं मधेच लय ओढली. तो थांबत थांबत मागून आला. तिनं सांगितल्याशिवाय पट्टी बदलली. अर्धी ओळ अडखळला आणि नव्या पट्टीत शिरला. तिनं लिबर्टाला खूण करून कडव्याच्या मधे गप्प केलं. तोही गप्प. बापाला फसवायला लहानपणी तिनं ज्या खोड्या केल्या होत्या, त्या सगळ्या तिनं केल्या, आणि मेस्त एकीतही सापडला नाही. तिला इतका संताप आला, की कीबोर्डवर हाताचा पंजा आपटावा.

कायतान कोपऱ्यात पायावर पाय टाकून बसला होता.

“बरा वाजवतो गे,” तो म्हणाला.

“तुला कोणी विचारलं?”

“तुला विचारलंय. मग सांग की. तुझा कान काय म्हणतो?”

हा दुसरा शहाणा. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, लॅपटॉपवर कॉफी ओतली असती, तर तिला नाही म्हणता आलं असतं. पण तिच्या कानावर सोपवून तो मिशीला पीळ देत बसला. आणि संगीताच्या बाबतीत खोटं बोलायची सोय तिच्या बापानं तिच्यात ठेवलीच नव्हती.

“शोभतं,” केरोबिना म्हणाली. “आता सगळे माझ्या नजरेसमोरून चालते व्हा.”

कायताननं ट्रम्पेट पुसला, पेटीत ठेवला, आणि कोणाशी न बोलता स्कूटर काढून गेला. त्यानंतर तालमी संपेपर्यंत तो फिरकला नाही. त्याच्या खुर्चीत लॅपटॉप ठेवला गेला. केरोबिनानंच त्याला शिकवलं, कारण हो म्हटल्यावर काम अर्धवट करणं तिला जमण्यासारखं नव्हतं. प्रत्येक कांतार पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा, वन्स मोअरच्या कडव्यासकट. तियात्रात वन्स मोअर म्हणजे काय अचानक ठरणारी गोष्ट नव्हे. कडवं आधीच लिहिलेलं असतं, चटकदार, हशा काढणारं, आणि बँड त्याची तालीम करून बसलेला असतो. लोकांनी शिट्ट्या मारून ते मागायचं आणि गाणाऱ्यानं लाजत लाजत परत यायचं, एवढंच बाकी असतं. तालमीत शिट्ट्या कोण मारणार? शेवटचं कडवं संपलं की थेट वन्स मोअरचा तुकडा.

ईस्टरच्या रविवारी दुपारी थिएटर गच्च भरलं. चर्चला घातलेल्याच नव्या कपड्यांत लोक आले होते. रंगमंचाच्या पायथ्याशी बँड बसला. उजवीकडच्या खुर्चीत मेस्त, त्याच्या मागे ग्लेन. केरोबिनानं वळून पाहिलं तर चौथ्या रांगेच्या टोकाला कायतान. तिकीट काढून आला होता, नाटकी कुठला! तिनं मान फिरवली.

पहिली दोन कांतारं झकास झाली. शिट्ट्या पडल्या, वन्स मोअर झाले, पडद्याआडून आलेशनं अंगठा दाखवला. मग लिबर्टा आली.

तिचं कांतार रिकाम्या घरांवर होतं. मुलं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला जातात, तिथं गोदामात रात्रपाळ्या करतात, आणि इथं मोठ्या घरात आई एकटी, फोनच्या पडद्यावर नातवाचं तोंड बघत बसते. आलेशनं ते लिहिलं तेव्हा त्याला टाळ्यांचं कांतार वाटलं होतं. पण मडगावच्या थिएटरात बसलेल्या लोकांत असं घर नसलेला माणूस शोधावा लागला असता. दुसऱ्या कडव्यानंतर खोकणं थांबलं. तिसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. लिबर्टा कधी नव्हे ती न घाबरता गात होती. शेवटची ओळ आईच्या तोंडची होती: दार उघडंच ठेवलंय, बाळा. लिबर्टा मान खाली घालून विंगेत गेली.

कोणी टाळी वाजवली नाही. अख्खं थिएटर मनानं आपापल्या घरी जाऊन बसलं होतं. केरोबिनानं हात कीबोर्डवरून उचलले. बास थांबला, ड्रमरनं काठ्या मांडीवर धरल्या. सांगायची गरज कोणालाच पडली नाही.

आणि मेस्त वाजायला लागला.

वन्स मोअरचा तुकडा. उड्या मारणारा, लग्नाच्या वरातीतला म्हणून खपेल असा, वरच्या सोलवर जाऊन नाचणारा. कोणी मागितलेला नसताना. केरोबिनानं ग्लेनकडे पाहून मान हलवली, बंद कर, बंद कर. तो हसून मान डोलवत राहिला. त्याला वाटलं बाई खूश आहेत.

“एय बँडवाले!” बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं. “तुमची आई मेली तरी असंच वाजवणार काय रे?”

कोणी हसलं, कोणी शिट्टी मारली, आणि ती शिट्टी कौतुकाची नव्हती. बिचारी लिबर्टा तुकडा वाजला म्हणून सवयीनं परत आली आणि गोंधळून गायला लागली. वन्स मोअरचं कडवं विनोदी होतं. फोन उलटा धरणाऱ्या आजीवर. ज्यांनी तो फोन सकाळीच हातात धरला होता, त्यांच्यासमोर ती पोर ते म्हणत होती, आणि अर्ध्यात तिचा आवाज बसला. मेस्त मात्र तिच्या मागून अगदी बरोबर जात होता. ती अडखळली तिथे अडखळला, ती थांबली तिथे थांबला. चष्मा काढलेली म्हातारी उठून बाहेर निघून गेली.

मध्यंतरात पडद्यामागे लिबर्टा ट्रंकेवर बसून हुंदके देत होती. उंबेलिना तिला पाणी पाजत होती आणि आलेश घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होता.

“साधी गोष्ट आहे,” ग्लेन म्हणाला. “तालमीत वन्स मोअर नेहमीच झालं, म्हणून तो कांताराचाच भाग आहे असं त्यानं धरलं. मी आणखी एक माइक लोकांच्या दिशेनं लावतो. शिट्ट्या ऐकू आल्या तरच वाजवेल.”

“शिट्ट्या तर आत्ताही आल्या!” केरोबिना कडाडली. “त्या ऐकून आणखी दोन कडवी वाजवेल तुझा मेस्त! थिएटर रडत होतं रे. माझ्या ड्रमरला कळलं, जो दोन घोट घेतल्याशिवाय बसत नाही!”

“आंटी, पण तुम्हीच तर त्याला—”

“मीच!” ती ओरडली. “माहितीये मला, मीच शिकवलं!”

“मग त्याच्यावर काय ओरडतेस?”

दारात कायतान उभा होता. चेहरा तापलेला, ट्रम्पेटची पेटी हातात. म्हणजे पठ्ठ्यानं पेटी थिएटरात आणली होती.

“वन्स मोअर काय आपल्या बापाची पेंड आहे, की कांतार संपलं की मिळणारच?” तो म्हणाला. “मेस्तची पोरगी तू. लोकांनी दिलं तर घ्यायचं, हे शिकवायचं विसरलीस त्याला?”

“तू होतास कुठे शिकवायला? शेपूट घालून घरी बसलास! एकदा तरी म्हणायचं होतंस, केरु, नाही म्हण!”

“काय म्हणू? सोल लागत नाही माझा!” कायतान सगळ्यांदेखत ओरडला. ड्रेसिंगरूममधलेसुद्धा बाहेर आले. “नाही लागत! कवळी हलते! ऐकायचं होतं ना सगळ्यांना? ऐका! पण आज त्या पोरीच्या कांतारानंतर मी गप्प बसलो असतो. गप्प बसायला दात लागत नाहीत.”

बाहेर मध्यंतर संपल्याची घंटा झाली.

केरोबिना ग्लेनकडे वळली. “वस्तू तुझी चांगली आहे. माझ्यापेक्षा चुका कमी करते. लग्नात वाजव, हॉटेलात वाजव. माझ्या बँडला शोभत नाही. उचल ती खुर्चीतून.”

“केरोबिना,” आलेश घाबरून म्हणाला, “पण शेवटी उंबेलिनाचं कांतार आहे. तो सोल...”

“मला विचारलं होतंस ना? आता सांगितलं.” मग ती कायतानला म्हणाली, “चल. बस.”

“सोल लागणार नाही म्हणून सांगतोय तुला.”

“मग वाजवू नकोस. तिथपर्यंत ये आणि थांब.”

“आणि तिथं काय वाजणार?”

“काही नाही.”

शेवटच्या कांतारात उंबेलिना हिरव्या गाऊनमध्ये, दोन्ही हात पसरून गायली. कायतान तिच्या मागून आला, थोडा जपून, पण आला. सोलच्या आधीच्या सुरावर त्यानं ट्रम्पेट ओठांवरून काढला आणि गुडघ्यावर ठेवला. केरोबिनानं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून धरले. तिला ती जागा भरता आली असती, डोळे मिटून, एका बोटानं. उंबेलिनानं वरून तिच्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. आलेशनं विंगेत डोक्याला हात लावला. केरोबिना रंगमंचाकडे पाठ करून थिएटरकडे बघत बसली, एकेक रांग, बाल्कनीसकट, कोणी हसून दाखवाच अशी.

कोणी हसलं नाही. कायताननं ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावला.